कुटुंबाच्या सीटा विमानात दरवेळी विखुरतात: कारणे आणि उपाय

सहा जणांचे तिकीट एकाच वेळी काढलेले असते, पैसे एकाच खात्यातून गेलेले असतात, आणि तरीही विमानतळावर हातात पडलेल्या सहा बोर्डिंग पासांवर सहा वेगवेगळ्या रांगांचे क्रमांक छापलेले असतात. काउंटरवर विचारणा केली की "सिस्टम से आया है, फ्लाइट फुल है" एवढेच उत्तर मिळते. ही तक्रार मी इंदूरच्या लोकमान्य नगरात इतक्या जणांकडून ऐकली आहे आणि स्वतःही इतक्या वेळा अनुभवली आहे, की तिला योगायोग म्हणणे आता मला पटत नाही. आमच्या भागातील बहुतेक घरांतली मुले पुणे, बंगळुरू किंवा हैदराबादला नोकरीस आहेत. त्यामुळे मुंज, डोहाळजेवण, बारसे अशा निमित्ताने आजी-आजोबांसह अख्खे घर विमानाने निघते, आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वेब चेक-इन करून देण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले आहे. त्यातून जे उमगले ते येथे प्रवासाच्या क्रमाने मांडतो. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण तिकीट काढताना जी गोष्ट एका फोनवर सुटते तीच काउंटरवर अर्धा तास घेते, आणि विमानात शिरल्यावर तर ती सर्वस्वी दुसऱ्याच्या भलेपणावर अवलंबून राहते.

आमचेच उदाहरण

गेल्या मे महिन्यात भाच्याच्या मुंजीसाठी आम्ही सहा जण इंदूरहून पुण्यास निघालो होतो: सत्त्याहत्तर वर्षांची आई, मी व पत्नी, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. तिकिटे नेहमीच्या एजंटाने काढली होती. मुंजीच्या धांदलीत वेब चेक-इन राहून गेले होते, ही चूक माझी. बिजासन टेकडीच्या बाजूने विमानतळावर पोहोचलो तेव्हा उड्डाणाला एक तास दहा मिनिटे उरली होती. काउंटरवरच्या मुलीने पास पुढे सरकवले. पुतणीचा पास २३ बी, म्हणजे दोन अनोळखी प्रवाशांच्या मधली जागा. तिची आई ९ ई, वडील २८ बी. आणि जिला हात धरल्याशिवाय उठता येत नाही ती माझी आई १६ ई. भावजयीने शांतपणे सांगितले की मुलगी नऊ वर्षांची आहे. काउंटरवरच्या मुलीने पडद्याकडे पाहिले, दोनदा काहीतरी टाइप केले आणि विचारले, "मैम, बच्ची का पी.एन.आर. आपसे अलग क्यों है?"

खरी गोम तिथे होती. पी.एन.आर. म्हणजे आरक्षणाचा क्रमांक, आणि आमच्यापैकी एकानेही तिकिटाच्या कागदावरची ती सहा अक्षरे नीट पाहिली नव्हती.

पहिले कारण: एका कुटुंबाचे दोन पी.एन.आर.

विमानातील एकाच वर्गातल्या सीटा कंपनी वेगवेगळ्या भाडेगटांत विकायला काढते. समजा, स्वस्त गटात चार सीटा उरल्या आहेत आणि आपण सहा मागितल्या, तर आरक्षणाची प्रणाली बहुधा चौघांना स्वस्त व दोघांना महाग असा हिशेब करत नाही; सहाही जणांना वरच्या गटाचा दर लावते. अनुभवी एजंटाला हे ठाऊक असते. म्हणून तो आधी चार तिकिटे काढतो, मग दोन काढतो, आणि आपले पैसे वाचवतो. यात त्याचा काही कपटभाव नसतो, उलट ती आपली सोयच असते. मात्र त्या क्षणापासून कंपनीच्या संगणकाच्या लेखी आपले कुटुंब दोन असंबद्ध गट बनलेले असते, आणि कोणाला कोणत्या गटात टाकायचे हे बहुतेक वेळा नावे ज्या क्रमाने सांगितली त्यावरून ठरते. मी फोनवर आईपासून सुरुवात केली होती, पुतणी चौथी होती, आणि भाऊ-भावजय शेवटी. परिणामी पुतणी आमच्याबरोबर आणि तिचे आई-वडील वेगळ्या पी.एन.आर.वर, असा प्रकार झाला.

यामुळे एरवी आपल्या बाजूचा असलेला नियमही लंगडा पडतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना असे निर्देश दिले की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पी.एन.आर.वर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यावी आणि त्याची नोंद ठेवावी. या वाक्यातील 'त्याच पी.एन.आर.वर' हे शब्द आपण वाचत नाही, काउंटरवरचा संगणक मात्र तेच वाचतो. शिवाय हा नियम संपूर्ण कुटुंबाला एकत्र बसवण्याचा नाही. मूल आणि एक मोठे माणूस, इतकीच त्याची व्याप्ती आहे. आजी-आजोबांचा त्यात उल्लेख नाही.

उपाय सोपा आहे, पण तो तिकीट काढतानाच करावा लागतो. एजंटाला स्पष्ट सांगावे की पैसे वाचवण्यासाठी तिकीट तोडायचे असेल तर जरूर तोडा, परंतु मूल आणि त्याची आई एका तुकड्यात हवीत, आणि वृद्ध माणूस ज्याच्या आधाराने चालतो तो त्याच्याच तुकड्यात हवा. नावांची यादी सांगताना याच जोड्यांनी सांगावी. तिकीट आधीच तुटले असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून दोन्ही पी.एन.आर. एकमेकांशी संबंधित असल्याची नोंद करून घेता येते. तिला हमी मानू नये, ती विनंतीच असते. पण काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला पडद्यावर काहीतरी दिसते आणि आपले बोलणे हवेतले राहत नाही.

त्याच फोनवर आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी. एजंट किंवा तिकिटांची संकेतस्थळे पुष्कळदा प्रवाशाच्या जागी स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल टाकून ठेवतात. चेक-इन सुरू झाल्याचा, वेळ बदलल्याचा, विमान बदलल्याचा प्रत्येक संदेश मग एजंटाच्या फोनवर जातो, आणि तो बिचारा रविवारी दुकान बंद करून घरी असतो. हा प्रश्न गैरसोयीपुरता मर्यादित नाही. उड्डाण रद्द झाल्यास मिळणारी नुकसानभरपाई पुरेसा संपर्क तपशील न दिलेल्या प्रवाशाला मिळत नाही, अशी डीजीसीएच्या नियमातच तरतूद आहे.

दुसरे कारण: जवळजवळच्या सीटा विक्रीला ठेवलेल्या असतात

आवडीची सीट देण्यासाठी वेगळे शुल्क घेण्याची मुभा कंपन्यांना आहे. अट अशी की ती सेवा प्रवाशाने स्वतः निवडलेली असावी, त्याच्यावर लादलेली नसावी. जो काहीच निवडत नाही त्याला संगणकाने आपोआप सीट द्यायची असते. त्यामुळे खिडकीच्या, कडेच्या आणि पुढच्या रांगांतल्या सीटा शेवटपर्यंत विक्रीसाठी राखून ठेवल्या जातात आणि फुकट प्रवासी उरलेल्या मधल्या सीटांवर पसरले जातात. तीन-तीनच्या रचनेत मधली सीट म्हणजे बी किंवा ई. आमच्या सहापैकी ज्या चार पासांचे क्रमांक वर दिले आहेत त्या चारही पासांवर हीच दोन अक्षरे होती. कंपनी मुद्दाम आपल्याला तोडते की हा केवळ हिशेबाचा परिणाम आहे, यावर आमच्या कट्ट्यावर बराच वाद झाला आहे. माझे मत असे की हेतू काहीही असो, विखुरले जाण्याच्या भीतीने शुल्क भरणाऱ्यांमुळे कंपनीला उत्पन्न मिळते, तेव्हा ती भीती कमी करण्याची घाई तिला असण्याचे कारण नाही.

वेब चेक-इनचा पडदाही त्याच पद्धतीने मांडलेला असतो. रक्कम लिहिलेल्या सीटा ठळक रंगात असतात, 'पुढे जा' हे बटण मोठे असते, आणि सीट न निवडता पुढे जाण्याचा पर्याय खाली बारीक अक्षरांत असतो. ग्राहकाला चकवणाऱ्या अशा मांडणीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि त्यात तेरा प्रकार नमूद केले. तरीही घाईत असलेला माणूस पैसे भरतोच. माझे शेजारी, हिशेबाचे पक्के, निवृत्त मुख्याध्यापक, चौघांच्या सीटांचे पैसे भरून मोकळे झाले आणि नंतर मला म्हणाले, "मला वाटले, भरल्याशिवाय पासच निघत नाही."

निघतो. आणि वेब चेक-इन जमलेच नाही तरी काउंटरवरच्या बोर्डिंग पाससाठी वेगळे शुल्क आकारता येत नाही, हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

येथे करायचे ते असे. देशांतर्गत उड्डाणांचे वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांत ४८ तास आधी उघडते आणि एक तास आधी बंद होते. ते उघडताच बसावे, कारण फुकट सीटाही सुरुवातीला जास्त आणि जवळजवळच्या असतात. सहाही जणांसाठी सीटा विकत घेण्याची गरज क्वचितच पडते. ज्या मागच्या रांगेत मधली सीट फुकट आहे त्या रांगेतील कडेची एकच सीट विकत घेतली की दोन माणसे शेजारी बसतात. म्हणजे आई आणि मूल ही जोडी एका शुल्कात जुळते. तेही द्यायचे नसेल तर एकामागे एक येणाऱ्या मधल्या सीटा घ्याव्यात, उदाहरणार्थ २४ ई, २५ ई आणि २६ ई. शेजार मिळत नाही, पण मागे बसलेल्या माणसाला पुढच्या आजीच्या खांद्याला हात लावून "आई, पाणी हवे का" असे विचारता येते, आणि प्रत्यक्षात तेवढेच पुरते. दोन पी.एन.आर. असतील तर घरातील दोघांनी दोन फोन घेऊन एकाच वेळी बसावे आणि पडद्यावरचा नकाशा एकमेकांना वाचून दाखवावा. एकाने आधी आणि दुसऱ्याने रात्री जेवण झाल्यावर केले की मधल्या काळात सीटा गेलेल्या असतात.

एक सूचना विशेषतः इंदूरहून जवळच्या शहरांना जाणाऱ्यांसाठी. छोटे एटीआर विमान असेल तर त्यात दोन-दोन सीटांची रचना असते, मधली सीट नसतेच, आणि प्रवाशांचा दरवाजा मागच्या बाजूला असतो. लवकर उतरता यावे म्हणून पैसे देऊन पहिली रांग घेतलेला गृहस्थ त्या विमानातून सर्वांत शेवटी उतरतो. असे दोन गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांतला एक मी.

तिसरे कारण: ज्यावर कोणाचाच इलाज नाही

काही वेळा सीट न बदलण्यामागे खरोखर तांत्रिक कारण असते आणि ते काउंटरवर नीट सांगितले जात नाही म्हणून आपल्याला ते निमित्त वाटते. तान्ह्या बाळांचे उदाहरण घ्यावे. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसते, त्याला वेगळी सीट नसते. पण हवेचा दाब कमी झाल्यास वरून पडणारा ऑक्सिजनचा मुखवटा त्यालाही लागतोच. तीन सीटांच्या एका गटावर साधारणपणे चारच मुखवटे असतात. म्हणून दोन सख्ख्या बहिणी आपापली बाळे घेऊन एकाच बाजूला शेजारी बसू शकत नाहीत, मग त्यांनी कितीही पैसे भरलेले असोत. त्यांनी मार्गिकेच्या अलीकडे आणि पलीकडे, म्हणजे सी आणि डी अशा सीटा मागाव्यात. तसेच आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत मुले, गर्भवती स्त्रिया आणि ज्यांना दार उघडण्यास मदत करता येणार नाही अशी माणसे बसवत नाहीत. तिथे पाय पसरायला जागा असते म्हणून आईसाठी ती मागण्यात अर्थ नाही.

दुसरे तांत्रिक कारण वजनाच्या समतोलाचे. विमान सुटण्यापूर्वी प्रवासी आणि सामान कोणत्या भागात किती आहे याचा हिशेब केलेला असतो. विमान अर्धे रिकामे दिसले तरी उड्डाणाआधी मागची मंडळी पुढे सरकलेली चालत नाही, आणि लहान विमानात तर मुळीच नाही. रिकामी रांग दिसली तर कर्मचाऱ्यांना विचारून, त्यांनी सांगितले त्या वेळी बदलावी.

आणखी एक प्रकार म्हणजे ऐन वेळी विमानच बदलणे. त्यासोबत सीटांचा नकाशा बदलतो आणि आपण निवडलेले क्रमांक आपोआप नव्याने वाटले जातात. यावर एवढेच करता येते की निघण्याच्या आदल्या रात्री पास पुन्हा उघडून पाहावा, आणि पैसे दिलेली सीट गेली असेल तर पावती जपून ठेवून शुल्क परत मागावे.

काउंटरवर

वरचे सर्व राहून गेले असेल तर काउंटर हीच शेवटची बरी जागा. देशांतर्गत उड्डाणांचे काउंटर सामान्यतः एक तास आधी बंद होते, म्हणून सीट बदलून हवी असणाऱ्याने किमान दोन तास आधी पोहोचावे. आम्ही सत्तर मिनिटे आधी पोहोचलो, म्हणजे कर्मचाऱ्याला आमच्यासाठी दहा मिनिटे होती आणि मागे रांग उभी होती. अशा वेळी 'आम्ही सगळे एकत्र आहोत' असे सांगण्याचा उपयोग होत नाही, कारण प्रत्येक जण तेच सांगत असतो. नेमके मागावे. इंदूरला बोलणे हिंदीतच होते, तेव्हा "बच्ची नौ साल की है, माँ के साथ सीट चाहिए, डीजीसीए का नियम है, बाकी लोग कहीं भी बैठ जाएँगे" असे वाक्य तयार ठेवावे. 'बाकी लोग कहीं भी' हे शब्द कामाचे आहेत, कारण सहा सीटांचा गुंता सोडवणे आणि दोन सीटांची अदलाबदल करणे यात कर्मचाऱ्याच्या दृष्टीने फार फरक आहे. मुलाच्या वयाचा पुरावा वर ठेवावा, पिशवीच्या तळाशी नव्हे.

वृद्धांसाठी नियमाचा आधार नसला तरी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी नोंदवली असेल तर त्यांच्याबरोबर एक माणूस असल्याचे पडद्यावर दिसते आणि जोडी सहसा तोडली जात नाही. आईला व्हीलचेअर या शब्दाचाच राग आहे. तिला मी सांगतो की ती खुर्ची चालण्यासाठी नाही, शेजारच्या सीटसाठी आहे.

त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने पुतणीचा पास बदलून ८ ई केला, म्हणजे आईच्या पुढची सीट. माझ्या आईची सीट मात्र तिला बदलता आली नाही.

विमानात शिरल्यावर

आता मामला शेजाऱ्याशी असतो. माझ्या आईच्या शेजारी १६ डी वर एक तरुण बसला होता आणि माझी सीट २० बी होती. मी त्याला विनंती केली, त्याने विचारले, "आपकी कौन सी है?" आणि मधली म्हटल्यावर त्याने नम्रपणे नकार दिला, कारण कडेच्या सीटचे त्याने पैसे भरले होते. त्याचे काहीही चुकले नाही. विमानातील निम्मे वाद याच ठिकाणी सुरू होतात आणि त्यात बहुतेकदा मागणाऱ्याची चूक असते, कारण तो मधली सीट देऊन कडेची मागतो आणि वर वयाचा किंवा मुलाचा दाखला देतो. अदलाबदल मागायचीच तर बरोबरीची किंवा अधिक चांगली सीट देऊ करावी, आणि आपल्याला काय हवे यापेक्षा त्याला काय मिळेल ते आधी सांगावे. माझ्या पत्नीची सीट १४ सी होती, कडेची. तिची सीट त्या तरुणाला दिली, ती आईजवळ १६ डी वर आली, आणि सर्व जण समाधानी झाले. हे पत्नीनेच सुचवले, मी तोवर नियम आठवत उभा होतो.

मागणी शक्यतो विमानातील कर्मचाऱ्यांमार्फत करावी. कोणी आपल्या सीटवर आधीच बसून "आप पीछे बैठ जाओ" म्हणत असेल तर त्याच्याशी हुज्जत न घालता पास कर्मचाऱ्यांना दाखवावा. आवाज चढवणे आणि शिवीगाळ हा डीजीसीएच्या नियमांप्रमाणे बेशिस्त वर्तनाचा पहिला स्तर आहे आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी होऊ शकते. सीटच्या वादात मुंज हुकायला नको.

बोर्डिंगची रांग

सीटा एकत्र असूनही गेटवर लोक घोषणा होण्याआधी उठून उभे का राहतात, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. सीट तर पळून जात नाही. पळून जाते ती डोक्यावरच्या कप्प्यातील जागा. बहुतेक कंपन्यांत एका प्रवाशाला सात किलोपर्यंतची एक बॅग आणि एक पर्स किंवा लॅपटॉप एवढेच आत नेता येते, पण इंदूरच्या माणसाकडे शेवेची आणि मिठाईची तिसरी पिशवी असते आणि ती तो सामानात धरतच नाही. कप्पे भरले की शेवटच्या प्रवाशांच्या बॅगा खाली पाठवल्या जातात किंवा दहा रांगा मागे ठेवाव्या लागतात, आणि मग उतरताना तो प्रवासी उलट्या दिशेने चालतो.

बोर्डिंग लवकर कसे व्हावे याचा शास्त्रीय विचारही झालेला आहे. जेसन स्टेफन या अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञाने २००८ साली गणिताने दाखवले की मागून पुढे रांगांनी बोलावणे ही चांगली पद्धत नाही, कारण शेजारशेजारच्या रांगांतील माणसे एकाच ठिकाणी बॅगा चढवत एकमेकांना अडवतात. आधी खिडकीवाले, तेही एक रांग सोडून एक, असे बोलावले तर बरेच जण एकाच वेळी बॅगा ठेवू शकतात. कुटुंबासाठी ही पद्धत गैरसोयीची आहे हे उघड आहे, कारण खिडकीतले मूल आधी आत आणि आई नंतर. सीट क्रमांकच न देण्याचा प्रयोगही आपल्याकडे झाला आहे. २००३ साली सुरू झालेल्या एअर डेक्कनच्या विमानांकडे लोक अक्षरशः धावत जात, हे ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल. अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीनेही मोकळ्या सीटांची आपली जुनी पद्धत जानेवारी २०२६ मध्ये बंद केली.

आपल्यापुरते व्यवहाराचे सांगायचे तर पासवर झोन, म्हणजे आत सोडण्याच्या क्रमाचा गट, छापलेला असेल तो पाहावा, आणि लहान मूल किंवा व्हीलचेअर असल्यास आधी सोडण्याची विनंती गेटवर करावी. ती सहसा मान्य होते. विमानापर्यंत बसने जायचे असेल तर झोनला फारसा अर्थ उरत नाही, कारण बसमध्ये प्रथम चढलेला माणूस आत दाबला जातो आणि शेवटी उतरतो. बसमध्ये दाराजवळ उभे राहावे. आणि गेट साधारणपणे उड्डाणाच्या २५ मिनिटे आधी बंद होते, हे चहा घेताना विसरू नये.

बसूच दिले नाही तर

सीट विखुरण्याचा सर्वांत वाईट प्रकार म्हणजे सीटच न मिळणे. कंपन्या काही प्रमाणात जास्त तिकिटे विकतात. पक्के तिकीट असून आपण वेळेत हजर असतानाही चढू दिले नाही, तर कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणाऱ्यांना विचारायचे असते. कोणी तयार नसेल आणि आपल्याला थांबवले, तर मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवल्यास भरपाई नाही. २४ तासांच्या आतले विमान दिल्यास एका बाजूच्या मूळ भाड्याच्या व इंधन शुल्काच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्यानंतरचे दिल्यास ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये. दुसरे विमान नको असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि हीच कमाल २०,००० पर्यंतची भरपाई. मात्र उशिरा पोहोचल्याने गेट बंद झाले असेल तर यातले काहीच लागू होत नाही, म्हणून कारण लेखी मागून घ्यावे. तोंडी "ओव्हरबुक हो गया" म्हणणारा कर्मचारी कागदावर "पैसेंजर लेट" लिहितो का, हे तिथेच पाहावे.

तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करावी. त्याचे नाव-पत्ता संकेतस्थळावर असतो. मग मंत्रालयाच्या एअरसेवा या पोर्टलवर, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी आपण राहतो त्या ठिकाणी, म्हणजे इंदूरलाच, तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि सेवेसाठी आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीत रागाचे परिच्छेद लिहू नयेत, पी.एन.आर., तारीख, दिलेली सीट, मिळालेली सीट, भरलेली रक्कम आणि मागणी, एवढे अर्ध्या पानात बसते.

परतीच्या प्रवासात मी आईसाठी १८ सी ही कडेची सीट ३५० रुपयांना घेतली होती आणि पत्नीसाठी शेजारची फुकट १८ बी. ऐन वेळी विमान बदलले आणि आई २१ ई वर गेली. पुण्याच्या काउंटरवर दोघींना एकत्र करून दिले, पण कडेची सीट मिळाली नाही. मी घरी आल्यावर अर्धे पान लिहिले. बाराव्या दिवशी ३५० रुपये खात्यात जमा झाले. आईला सांगितले तेव्हा तिने विचारले, व्याज किती दिले, आणि बँकेत असताना तू लोकांना देत होतास ना?